नर नसलेल्या टाकीतली पिल्लं

'गप्पी' म्हणजे गप्पा मारणारा मासा, असं आमच्याकडच्या लहान पोरांना वाटतं आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. शब्द इतका मराठी होऊन बसलाय की तो कुणा माणसाचं आडनाव असेल असं मनातसुद्धा येत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'हौदात गप्पी मासे सोडा' असं लिहिलेलं असतं, आरोग्य उपकेंद्राच्या मागे एक सिमेंटचा हौद असतो, त्यावर 'गप्पी मासे पैदास केंद्र' अशी पाटी असते. हा मासा ग्रामसेवक, आशाताई आणि तुरटी यांच्या रांगेतला. शोभेचा मासा म्हणजे गोल्डफिश किंवा एंजल. गप्पीला कोण काचेच्या पेटीत ठेवतं?

तर ठेवतात. पाचोडच्या आमच्या घरी ठेवलेत. (आत्या, तू विचारत होतीस ना की दिवाणखान्यात ते निळ्या लाइटचं काय आहे? ते हेच.) ज्यांना पाचोड माहीत नाही त्यांच्यासाठी : संभाजीनगरहून बीडच्या रस्त्याला लागलात की साधारण पन्नास किलोमीटरवर, पैठण तालुक्यात. मोसंबीचा बाजार म्हणून लोकांना ठाऊक असतं. जायकवाडीचं एवढं मोठं पाणी आपल्याच तालुक्यात, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आमच्या आसपास खूप. हे पाण्याचं मुद्दाम सांगतोय, पुढे लागणार आहे.

चुलतभावाच्या मुलीने हट्ट केला म्हणून शहरातल्या एका दुकानातून टाकी आली. दुकानदाराने शहाणपणाचा सल्ला दिला, 'नुसत्या माद्या न्या, म्हणजे पिल्लांची कटकट नाही.' भडक रंगाचे, झुपकेदार शेपटीचे नर सोडून चार करड्या माद्या घरी आल्या. पोरगी थोडी हिरमुसली, पण आली टाकी हे काय कमी. तीन आठवड्यांनी सकाळी पाहतात तर वाळूच्या तळाशी मोहरीएवढे डोळे आणि मागे एक काडी, असं काहीतरी सुळकन पळतंय. मोजली तेव्हा बावीस होती. दुपारी मोजली तेव्हा पंधरा.

बरं, दुकानातून पोटुशी आली असेल, असं म्हणून सगळ्यांनी समजूत घालून घेतली. पण त्यानंतर जवळपास महिन्याने पुन्हा सतरा. आणि त्यानंतर पुन्हा. टाकीत नर एकही नाही! काकूंनी फोनवर मला विचारलं, 'अरे, हे काय गौडबंगाल?' घरात दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं की चारातला एखादा नरच आहे, दुकानदाराने फसवलं. दुसऱ्याचं, म्हणजे आजीचं, की देवाची करणी.

या गौडबंगालाचा उलगडा १९३७ सालीच झालेला आहे. कोपनहेगनमध्ये अोयविंद विंग नावाचा आनुवंशशास्त्रज्ञ होता. त्याच्याआधी योहानेस श्मिटने (ईल मासे सारगासो समुद्रात जन्मतात हे ज्याने शोधलं, तोच) १९२० मध्ये दाखवून दिलं होतं की गप्पीच्या नराच्या अंगावरचा ठिपका बापाकडून थेट मुलाकडे जातो, मुलीकडे नाही. म्हणजे पिल्लू मोठं झालं की त्याच्या अंगावर बापाची सही दिसते! हीच सही वाचत विंगने मादीच्या एकामागून एक वेतांचा हिशोब मांडला. गप्पीची मादी एकदा नराशी संग झाला की त्याचं बीज पोटात साठवून ठेवते आणि पुढचे कित्येक महिने, तोच साठा वापरून, दर तीन-चार आठवड्यांनी वीत राहते. मधे नवा नर भेटला तर बहुतेक पिल्लं नव्याची होतात, नाही भेटला तर जुना साठा आहेच. आठ-आठ महिन्यांपर्यंत असं चालल्याची नोंद आहे. दुकानदाराने फसवलं नव्हतं. माद्या माद्याच होत्या. फक्त त्या घरी येताना एकट्या आल्या नव्हत्या.

२०१३ मध्ये तर त्रिनिदादच्या ओढ्यांतल्या गप्पींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निघालं की तिथल्या पिल्लांच्या बापांमध्ये साधारण चौथा हिस्सा नर आधीच मेलेले होते. मेल्यानंतर दहा-दहा महिन्यांनी त्यांची पिल्लं जन्माला येत होती. हे मी काकूंना सांगितलं नाही. आजी शेजारीच बसलेली असते.

आता त्या नावाकडे येतो. हा मासा मुळात दक्षिण अमेरिकेच्या वरच्या काठाचा, व्हेनेझुएला आणि समोरच्या बेटांवरचा. बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्सने १८५९ मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्या नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पण ते कागदातच राहिलं. मग १८६६ मध्ये त्रिनिदादहून रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाच्या गृहस्थाने काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथल्या अल्बर्ट ग्युंथरला वाटलं मासा नवा आहे, आणि त्याने गप्पीसाहेबांच्या नावाने बारसं केलं. पुढे कळलं की हा पीटर्सचाच मासा. शास्त्रीय पुस्तकातून गप्पीचं नाव गेलं, पण लोकांच्या तोंडात बसलेलं नाव कोण काढणार? गप्पीसाहेब खरे भूगर्भाचे अभ्यासक, दगड आणि शिंपले यांत रमणारे. १९१६ मध्ये वारले. आयुष्यभर त्यांनी जे केलं ते विसरलं गेलं आणि एका बोटाच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या माशाने त्यांचं आडनाव पाचोडच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत पोचवलं.

जाता जाता एक गोष्ट. गप्पीसाहेब त्रिनिदादला मासे गोळा करत होते त्या काळात त्याच बेटावर हिंदुस्थानातून जहाजं भरभरून माणसं जात होती, ऊसमळ्यांत राबायला. पहिलं जहाज १८४५ साली पोचलं आणि गिरमिटियांची ही वाहतूक १९१७ पर्यंत चालली. आपली माणसं तिकडे गेली आणि त्याच काळात तिकडचा मासा इकडे आला. अदलाबदल म्हणावी तर फारच विचित्र.

तो इकडे आला कशासाठी, याचं उत्तर शेजारच्या बार्बाडोस बेटावर आहे. तिथे या माशाला 'मिलियन्स' म्हणत, म्हणजे लाखो-लाखो. कारण उघड आहे! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं बोललं जाऊ लागलं की आजूबाजूच्या बेटांवर हिवताप आहे आणि बार्बाडोसवर नाही, तो या माशामुळे. तो डबक्यातल्या डासांच्या अळ्या खातो, म्हणून डास नाहीत, म्हणून ताप नाही. हे कारण कितपत खरं, हा वेगळा वाद आहे. पण त्या काळाला हेच ऐकायचं होतं. कारण डास आणि हिवताप यांचं नातं तेव्हा अगदी ताजं होतं.

आणि ते नातं सापडलं कुठे? आपल्याच निजामाच्या राज्यात! २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. सिकंदराबादची छावणी इंग्रजांची, भोवतालचा मुलूख निजामाचा, आणि त्याच मुलखाच्या वायव्य टोकाला आमचा औरंगाबाद जिल्हा. शाळेत रॉसचं नाव पाठ केलं, १९०२ चं नोबेल पाठ केलं, पण तो आपल्या आजोबांच्याच राज्यात बसून काच घासत होता हे कुठल्या गुरुजींनी सांगितल्याचं आठवत नाही.

रॉसचा शोध कळल्यावर जगभरच्या साहेबांनी डबकी शोधायला सुरुवात केली. मुंबईत डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये अहवाल दिला की शहरातला हिवताप पसरवणारा डास घराघरातल्या विहिरींत वाढतोय. विहिरी बुजवा किंवा बंद करा, असं सांगणं सोपं होतं. पण विहिरीच्या पाण्याशी लोकांचा धर्म बांधलेला, पारशी मंडळींचा तर विशेष. मोठा विरोध झाला. अशा ठिकाणी विहीर उघडी ठेवून डास मारायचा असेल तर मासा सोडण्याइतकी बिनभांडणाची युक्ती दुसरी नाही.

पण मासा कुठला? इथे मला इतिहास जरा चुटपुट लावतो. १९१२ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने सेवेल आणि चौधुरी या दोघांची एक पुस्तिका काढली. विषय : डासांचा नाश करण्यात उपयोगी ठरलेले हिंदुस्थानी मासे. म्हणजे आपल्या ओढ्यांत, तळ्यांत, भातखाचरांत अळ्या खाणारे मासे आहेत, हे तेव्हाच लिहून ठेवलेलं होतं. आणि नेमका त्याच सुमारास, १९१० च्या आगेमागे, गप्पी भारतात आला. १९२८ मध्ये त्याचा लांबचा भाऊबंद गॅम्बुसिया इटलीहून आला. घरचे असताना पाहुण्यांच्या हाती कारभार गेला तो तेव्हापासून.

का गेला, हे टाकीसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. देशी माशांतले बहुतेक अंडी घालतात. अंड्याला चिकटायला पानवेल लागते, पाणी ठरावीक लागतं, अंडी दुसऱ्याने खाल्ली तर संपलं. गप्पी अंडी घालत नाही, पोहती पिल्लं देतो. जन्मल्या क्षणी पिल्लू पळतं आणि काही तासांत खायला लागतं. पाणी जड असो, घाण असो, डबक्याचं असो, त्याला चालतं. (आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने चहा फाटतो आणि गप्पी फोफावतो.) फक्त कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही, ती आपल्याकडे नाहीच. चार माद्या एका बरणीत घातल्या, एसटीत मांडीवर ठेवल्या, की एका गावाची सोय झाली. नर न्यायची आठवण राहिली नाही तरी चालतं! घरात ज्याला आपण कटकट म्हणतो तोच या माशाचा सरकारी गुण.

मधे वीस-पंचवीस वर्षं हा मासा विस्मरणात गेला, ते डीडीटीमुळे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज दिला जातो. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचं नाव बदलून 'निर्मूलन' झालं. नावातच आत्मविश्वास बघा. फवारणीवाले येत, भांडीकुंडी बाहेर काढायला लावत, भिंती पांढुरक्या करून दाराशेजारी गेरूने तारीख टाकून जात. जुन्या घरांच्या भिंतींवर त्या तारखा पुढे कितीतरी वर्षं दिसत. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. रोग संपलाच, असं वाटलं. मग डास डीडीटीला सरावले, कार्यक्रमाचा पैसा आणि उत्साह दोन्ही आटले, आणि बाया फवारलेल्या भिंती सणाला सारवून टाकतच होत्या. १९७६ मध्ये देशात चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले.

योगायोग असा की त्याच १९७६ च्या फेब्रुवारीत आमच्या तालुक्यात जायकवाडीचं लोकार्पण झालं. कालवे आले, ऊस आला, मोसंबी वाढली. पाणी आलं की झिरपण येते, आणि झिरपणीत ऍनाफिलिस येतो.

माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्याच सुमारास हिवताप विभागात लागले. सायकल, खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुया, स्पिरिटचा कापूस आणि क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या. घरोघर 'ताप आहे का कुणाला?' विचारायचं, बोट टोचून थेंब घ्यायचा. गावातली पोरं त्यांना बघून ज्वारीत पळायची. माशांचं काम त्यांच्याकडे नोकरीच्या मध्यावर आलं. १९८३ पासून गुजरातच्या खेडा जिल्ह्यात व्ही. पी. शर्मा यांच्या मलेरिया संशोधन केंद्राच्या मंडळींनी नडियाद तालुक्यात फवारणीशिवाय हिवताप आवरायचा प्रयोग चालवला होता. खड्डे बुजवणं, गटारं वाहती करणं, टाक्या झाकणं आणि जिथे पाणी काढता येत नाही तिथे गप्पी. पुढे हा विचार कार्यक्रमात रुजला आणि जिल्ह्या-जिल्ह्यात पैदास हौद बांधले गेले.

अण्णांच्या बोलण्यात या कामाबद्दल एक मजेशीर तक्रार असते. म्हणतात, 'औषध संपतं, त्याची मागणी करावी लागते. मासे संपत नाहीत, त्यांची व्यवस्था करावी लागते.' पैदास हौदात दाटी झाली की मासे एकमेकांची पिल्लं खातात, पाणी नासतं. म्हणून दर काही दिवसांनी जाळीने उपसून ते कुठेतरी नेऊन सोडावेच लागतात. विहीर, बारव, गुरांचा हौद, वापरात नसलेली टाकी, नाल्याचं डबकं. रजिस्टरमध्ये 'मासे सोडलेली ठिकाणं' हा रकाना भरायचा असतो, आणि रकान्याला माशांपेक्षा ठिकाणांची भूक जास्त. विभागाच्या पत्रकांत एक मासा दिवसाला ऐंशी ते शंभर अळ्या खातो असा आकडा असतो. अण्णा त्यावर हसतात. 'उपाशी ठेवून काचेच्या भांड्यात अळ्याच टाकल्या तर खाईल की. विहिरीत त्याला शेवाळ आहे, किडे आहेत, वरून पडलेली पोळी आहे.' तरीही, झाकता न येणाऱ्या हौदात चार गप्पी असले की अळ्या दिसत नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि मीही.

२००६ चा चिकनगुनिया आमच्याकडच्या प्रत्येकाला आठवतो. त्या वर्षी देशात जवळपास चौदा लाख संशयित रुग्ण नोंदले गेले, आणि मराठवाडा त्यात चांगलाच होरपळला. घरटी एक माणूस भिंतीला धरून चालत होता. हा डास ऍनाफिलिस नव्हे, एडिस. तो नाल्यात जात नाही, घरात साठवलेल्या चांगल्या पाण्यात वाढतो. आणि साठवणं ही आमची हौस नाही. नळ आठ दिवसांनी, टँकर येईल तेव्हा. प्रत्येक घरात हौद, पिंपं, रांजण, सगळं काठोकाठ. 'कोरडा दिवस पाळा' ही सूचना पुण्या-मुंबईत ठीक आहे. ज्या बाईने चार तास उभं राहून पिंप भरलंय तिला ते उलटं करून कोरडं करायला सांगायची हिंमत आरोग्यसेवकालाही होत नाही. तिथे गप्पी खरोखर उपयोगी पडला. निवृत्तीला आलेले अण्णा तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या हातात लटकावून गल्लीगल्लीने मासे वाटत फिरत होते. आजी सांगते, लोक त्यांना 'मासेवाले' म्हणायला लागले. आमच्या माळकरी घरात ही पदवी!

इथपर्यंतची गोष्ट कौतुकाची आहे. पण जो मासा एकट्या मादीनिशी गाव वसवू शकतो तो नेमून दिलेल्या हौदात थोडाच थांबतो. पावसाळ्यात हौद भरून वाहतो, डबकं नाल्याला मिळतं, नाला नदीला. आज हा मासा मूळ प्रदेशाबाहेर सत्तरच्या आसपास देशांत पसरलाय. काही हिवतापवाल्यांनी सोडले, काही घरच्या टाकीत झालेल्या जादा पिल्लांचं काय करायचं म्हणून लोकांनी ओतले. २०११ मध्ये एमी डीकन, इंदर रामनारायण आणि ऍन मॅगुरन यांनी एक साधा प्रयोग केला. मोठ्या टाक्यांत रानातून धरलेली एकेकच मादी सोडली आणि वाट पाहिली. बहुतेक टाक्यांत दोन वर्षांनंतरही वस्ती नांदत होती. यातले रामनारायण त्रिनिदादचे. नाव वाचून मी थबकलो. वर ज्या जहाजांचा उल्लेख केला, त्यांच्याकडेच ते नाव बोट दाखवतं.

२०१६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी अधिक परखड लिहिलं : गप्पीने डास खरोखर किती कमी होतात याचा पुरावा तोकडा आहे, आणि ओढ्यातल्या बाकीच्या जिवांना त्याचा त्रास होतो याचा पुरावा वाढतोय. तो देशी माशांची अंडी-पिल्लं खातो, त्यांचं खाणं खातो, पाण्याचा एकूण व्यवहार बदलतो. गोव्याने मात्र १९९० च्या दशकात पणजीच्या आसपास डासांशी लढताना अप्लोकायलस हा इथलाच छोटा मासा वापरून पाहिला, जीवाणूंपासून केलेल्या अळीनाशकाच्या जोडीने, आणि तो उपयोगी पडला. १९१२ च्या पुस्तिकेतलं शहाणपण ऐंशी वर्षांनी कुणीतरी उघडून वाचलं असं म्हणायचं. आमच्या ओढ्यांचं कुणी वाचेल तेव्हा खरं.

म्हणून पाचोडच्या टाकीतल्या पिल्लांचा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. तीन वेतं झाली, चौथं वाटेवर. (मादीच्या पोटाच्या मागच्या बाजूला काळा डाग असतो, तो मोठा आणि गडद झाला की आठवडाभरात समजायचं.) पिल्लं सहा-सात मिलिमीटरची, आणि आई त्यांना खाते. आजीला हे पाहवेना. तिची माळ वीस वर्षांची असल्यापासूनची, एकनाथांच्या पैठणची माणसं आम्ही. 'आई लेकरं खाते, हे घरात ठेवायचं?' असं तिने विचारलं आणि कुणाला उत्तर देता येईना. मी फोनवर एवढंच सांगितलं की ओढ्यात ती खात नाही असं नाही, पण तिथे पिल्लाला दडायला जागा असते. काचेच्या पेटीत दडायचं कुठे? आपण जागा कमी केली आणि दोष तिला देतोय. आजी गप्प झाली. पटलं म्हणून नव्हे बहुधा, विचार करायला.

मग उपाय निघाले. कुणी सांगितलं, पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक बोटाने चुरून द्या. आमच्या घरात अंडं येणं म्हणजे टाकीच बाहेर जाणं! मग माशांचंच खाणं खलबत्त्यात कुटून पिठी केली, तीही चालली. तरंगणाऱ्या बारीक पानाची वनस्पती आणून अर्धी टाकी भरली. त्यात पिल्लं लपतात आणि दर वेतातली सहा-आठ वाचतात. सगळी वाचवायची नाहीत, असं अण्णांनी बजावलं. जाळीच्या डब्यात वेगळी काढून प्रत्येक पिल्लू जगवणारे हौशी लोक आहेत, पण दोन महिन्यांत त्यांतले नर वयात येतात, त्यांच्या बहिणींना पोटं येतात, आणि मग बादलीने मोजावं लागतं. साधारण महिन्याच्या वयाला नर-मादी ओळखू येतात : नराचा पोटाखालचा पर टोकदार होतो, रंग चढतो. तेव्हाच नर बाजूला काढायचे, दुसऱ्या बरणीत. हे काम भाचीवजा पुतणीने अंगावर घेतलंय. तिच्या वहीत तारखा, संख्या, काळ्या डागाची चित्रं असं सगळं आहे. विंगसाहेबांनी याहून वेगळं काय केलं होतं?

उरलेल्यांचं काय? शेजारच्यांनी पहिल्यांदा सुचवलं ते नेहमीचंच : विहिरीत सोडून द्या, पुण्य लागेल. आजीलाही ते एकदम पटलं, जीव जगतो आणि आपला सुटतो. अण्णा, ज्यांनी उभी हयात विहिरींत मासे सोडले, ते म्हणाले, 'नाही.' आमची विहीर ओढ्याकाठी आहे, चांगला पाऊस झाला की तोंडापर्यंत भरते आणि काठावरून ओढ्यात वाहते. त्या ओढ्यात अजून उन्हाळ्याआधी पोरं देशी बारके मासे धरतात. 'मी नोकरीत होतो तेव्हा रकाना भरत होतो,' ते म्हणाले. 'आता मला रकाना नाही.'

मग वस्तीवरच्या एकाने मागितले, शेततळ्यासाठी. दुष्काळानंतर आमच्याकडे मोसंबी जगवायला जिकडेतिकडे शेततळी झाली, आत प्लास्टिकचा कागद, कडेने तारेचं कुंपण. डास होतात ही तक्रार खरी. अण्णा स्वतः बघायला गेले. तळं ओढ्यापासून लांब, बांधाच्या वर. पण कोपऱ्यात एक पाइप होता, पाणी जास्त झालं तर चारीत काढून द्यायला, आणि चारी कुठे जाते ते ते चालत बघून आले. परत येऊन त्यांनी गुरांच्या हौदासाठी दहा पिल्लं दिली. त्या हौदाला वाहून जायला वाट नाही, उन्हाळ्यात तो घासून धुतात. शेततळ्यासाठी त्यांनी एक अट घातली. परवा पुतणीने फोटो पाठवला : पाइपच्या तोंडाला आजीच्या जुन्या नऊवारीचा तुकडा दोन पदरी करून, सुतळीने घट्ट आवळलेला, आणि बाजूला अण्णा बोट घालून गाठ तपासतायत.